थोरल्याचा शब्द

माना हलवणाऱ्या माणसांची नलिनी गवसला लहानपणापासून किळस होती, आणि दैवाने तिला नेमकं त्यांच्यातच आणून बसवलं होतं. साकीनाक्याच्या एका औद्योगिक वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात, रोज सकाळी साडेनऊ वाजता पत्र्याच्या टेबलाभोवती बैठक भरे. मालक चंद्रप्रकाश शेठ बोलत आणि उरलेले माना हलवत. शेठ कालच्या उलट आज बोलले, तरी माना कालच्यासारख्याच हलत. नलिनीने मनातल्या मनात या बैठकीला नाव ठेवलं होतं : गाऱ्हाणं. तिच्या कोकणातल्या गावी गावकर देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घाली, आणि प्रत्येक वाक्यामागून जमलेली गर्दी एका सुरात ओरडे, ‘व्हय म्हाराजा!’ तिचे वडील आणि त्यांचे गाववाले कांजूरमार्गच्या चाळीत दरवर्षी मंडळाच्या पूजेला हेच करत. एम. एस्सी. झाल्यापासून ती त्या पूजेला खाली उतरली नव्हती.

गाळ्यात गेलं वर्षभर एकच काम चाललं होतं. रंगाच्या एका कारखान्यासाठी तीन छोटे संगणक बनवायचे होते. तिथे तीन टाक्यांमधून एकच लॉट एकामागून एक फिरे, आणि प्रत्येक टाकीच्या वाफेच्या नळावर एकेक संगणक बसायचा होता. नळ उघडायचा की बंद करायचा, हे तिघांनी एकमेकांना कळवायचं, दोघांचं मत जुळेल ते तिघांनीही करायचं, आणि कोणाकडून काय कळलं ते आपापल्या कागदी पट्टीवर छापून ठेवायचं. तिन्ही पट्ट्यांवर शेवटी एकच निर्णय यायला हवा. एकाने नळ उघडला आणि दुसऱ्याने बंद केला, की सगळा लॉट वाया. हे साल सत्त्याऐंशी. संगणक म्हणजे दसऱ्याला हार घालायची वस्तू, अशी गाळ्यातल्या लोकांची समजूत. त्यांनी तिन्ही पेट्यांना हार घातले होते आणि नावंही ठेवली होती : थोरला, मधला, धाकला.

तिघांचा प्रोग्रॅम नलिनीने लिहिला होता. थोरला जयवंत आरोंदेकरने स्वतः जोडला होता. जयवंत हा मुख्य इंजिनियर. शर्टाला रोज इस्त्री, इंग्रजी सफाईदार. गाळ्यात दोन वाक्यं धड बोलता येतील असा हाच एक माणूस आहे, असं नलिनीचं मत होतं. मधला आणि धाकला जोडले होते लवू मेस्त्रीने. लवू पूर्वी गिरणीच्या विद्युत खात्यात होता. संप झाला, गिरणी गेली, आणि तीन वर्षं हातगाडीवर पंखे दुरुस्त केल्यावर त्याला ही पहिली कायमची नोकरी मिळाली होती. बोलणं मालवणी, कानावर विडी, आणि जो जे सांगेल त्याला उत्तर एकच : ‘व्हय.’ नलिनीला त्याच्याकडे पाहिलं की आपल्या चाळीचा जिना आठवे. तो जिना चढून ती वर आली होती, आणि पुन्हा खाली बघायची तिची इच्छा नव्हती.

गुरुवारी चाचणी झाली. टाक्यांऐवजी पाण्याची तीन पिंपं होती. तापमान नेमकं सीमेवर आलं. मधल्याच्या मते नळ बंद करायला हवा होता, धाकल्याच्या मते उघडा ठेवायला. अशा वेळी थोरल्याचा शब्द अखेरचा. आणि मधल्याने नळ बंद केला, धाकल्याने उघडला.

तिन्ही पट्ट्या टेबलावर आल्या. मधल्याने छापलं होतं : ‘थोरल्याकडून – बंद.’ धाकल्याने छापलं होतं : ‘थोरल्याकडून – उघड.’ थोरल्याची स्वतःची पट्टी म्हणत होती : ‘मी सांगितलं – उघड.’

“सोपं आहे,” जयवंत म्हणाला. “दोन विरुद्ध एक. मधला खोटं बोलतोय. मला काही म्हणायचं नाही, पण लवूच्या हाताला हल्ली कंप आहे.”

“असं सिद्ध होत नाही,” नलिनी म्हणाली. “थोरल्याने एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगितलं असेल तर?”

चंद्रप्रकाश शेठ मोठ्याने हसले. “अरे यार मॅडम, मशीन आहे की पुढारी आहे? एका तोंडाने दोन गोष्टी कशाला बोलेल?”

टेबलाभोवतीच्या माना हलल्या. नलिनीने वही मिटली. या माणसाला काय समजावणार! धाकल्याच्या जागी उभं राहून बघा, असं तिला सांगायचं होतं. थोरल्याने त्याला ‘उघड’ सांगितलं. मधला म्हणतो, मला ‘बंद’ सांगितलं. आता लबाड कोण? थोरला दुतोंडी असेल, नाहीतर मधला ऐकलेलं फिरवून सांगत असेल. धाकल्याला दोन्ही अगदी सारखंच दिसतं. आणि थोरल्याच्या पट्टीचा पुरावा काय धरायचा? लबाड असला तर तो स्वतःची पट्टी खरी कशाला छापेल? तिघांत एक लबाड असला की उरलेल्या दोघांना तो ओळखता येत नाही. चौघे असतील, आणि ऐकलेलं सगळं एकमेकांना सांगत असतील, तर एकाच्या लबाडीने बाकीच्या तिघांचा निर्णय बिघडत नाही. हे कागदावर सिद्ध झालं होतं. पाच वर्षांपूर्वीच छापून आलं होतं. तिने चार महिन्यांपूर्वी चौथी पेटी मागणारं टिपण लिहून जयवंतकडे दिलं होतं, आणि जयवंतने दुसऱ्या दिवशी हळहळत सांगितलं होतं, “शेठनी वाचलंसुद्धा नाही गं. हसले फक्त.” शेठना स्वतः विचारावं, असं तिला वाटलं नव्हतं. जो माणूस आपलं टिपण वाचत नाही, त्याच्या दारात कोण जाणार?

त्यामुळे जयवंतने संध्याकाळी अहवाल पुढे केला, तेव्हा तिने तो वाचला, ‘दोष मधल्या पेटीच्या जोडणीत’ हे वाक्यही वाचलं, आणि सही केली. ज्यांना तीन आणि चार यांतला फरक कळत नाही, त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा सही करून मोकळं होण्यात तुच्छता अधिक आहे, असं तिला त्या क्षणी वाटलं. शिवाय जयवंतने मागेच एकदा कानात सांगितलं होतं, “तो लवू काय म्हणतो माहीत आहे? बाईच्या प्रोग्रॅमात पाणी आहे म्हणतो.” पाणी! पाचवी पास माणूस!

शनिवारी दुपारी बारा वाजता लवूचा हिशेब करून त्याला घरी पाठवायचं ठरलं, हे तिला शुक्रवारी कळलं. सांगणारा अर्थात जयवंतच. “मला फार वाईट वाटतं,” तो म्हणाला, “पण अहवालावर तुझी सही आहे ना.”

त्या संध्याकाळी ती कांजूरमार्गला घरी आली, तेव्हा चाळीच्या चौकात मंडप उभा राहत होता. तिचे वडील धाकू गवस दुसऱ्या दिवशीच्या गाऱ्हाण्याचे शब्द ओट्यावर बसून पुटपुटत होते. गावकराचा मान यंदा त्यांच्याकडे होता.

“झाली तयारी?” चपला काढता काढता ती म्हणाली. “पन्नास माणसं, एकाचंही लक्ष नाही, आणि सगळी ओरडणार, व्हय म्हाराजा. आमच्या हापिसातही हेच चालतं. फक्त नारळ नसतो.”

धाकूंनी चष्मा कपाळावर सरकवला. “अगो नले, तुका कोणी सांगल्यान आमी आयकत नाय म्हणान?”

“ऐकता तर एकदा तरी ‘नाही’ म्हणाला असतात.”

“व्हय म्हटला म्हणजे ‘माका पटला’ असा न्हय गो. व्हय म्हणजे ‘मी आयकलंय’. आणि बाजूच्यानय ताच आयकल्यान, ता माका ठावक आसा. इतक्याच.” ते हसले. “तू बुका शिकलंस, पण व्हयचो अर्थ शिकाक नाय.”

ती हातपाय धुवायला निघाली होती, ती थांबली.

“आमच्या गावात गुणाजी होतो,” धाकू सांगू लागले. “देवळाचो निरोप्यो. वरच्या वाडीत जावन सांगी, यंदा होळीचा झाड खालचे आणतले, मान त्यांचो. खालच्या वाडीत जावन सांगी, वरचे आणतले. दोन वर्सां दोनय वाड्ये एकमेकांच्या जिवार उठले. गुणाजी दोगांकडे च्या पियी.”

“मग?”

“मगे गावकरांनी ठरवल्यानी, गुणाजीन घराघरात जावन सांगूचा नाय. देवळासमोर उभ्या रवान, सगळ्यांच्या म्होरं, एकदाच सांगूचा. नि सगळ्यांनी व्हय म्हणूचा. संपला.”

“आणि गुणाजीला काढलं नाही?”

“कित्या काढतलंस? त्याचो आवाज बरो होतो!”

धाकू पुन्हा पुटपुटायला लागले. नलिनी तशीच उभी राहिली. थोरला ज्या दोन तारांनी दोघांशी वेगवेगळं बोलत होता, त्या तारा तिच्या डोळ्यांपुढे होत्या. पण हळूहळू तिथे दुसरंच चित्र दिसू लागलं. शेठचं म्हणणं तिला जयवंतने सांगितलं होतं. लवूचं म्हणणं तिला जयवंतने सांगितलं होतं. गेल्या वर्षभरात त्या गाळ्यात तिने ऐकलेला प्रत्येक शब्द एकाच तोंडातून आला होता, आणि तो तिने तपासला नव्हता, कारण बाकीची तोंडं तिच्या लेखी तपासण्याच्या लायकीचीच नव्हती.

शनिवारी साडेनऊला ती टेबलाशी बसली नाही, उभी राहिली.

“शेठ, एक विचारायचं आहे. सगळ्यांसमोर. मी चौथ्या पेटीचं टिपण दिलं होतं, ते तुम्ही का नाकारलं?”

“कुठलं टिपण?” शेठनी चहाचा पेला खाली ठेवला. “मला जयवंत बोलला, मॅडम बोलते तीन बस झाले. मी तर बोललो होतो, चार घ्या, कंजूसपणा कशाला!”

जयवंत हसला. “शेठ, तेव्हा चर्चा प्राथमिक होती. नलिनी, तू पण ना, हे आत्ता–”

“थांबा. लवू मेस्त्री, माझ्या प्रोग्रॅमात पाणी आहे असं तुम्ही म्हणालात?”

लवू दाराशी, उपकरणांची पिशवी पायाशी ठेवून उभा होता. ती पिशवी त्याने सकाळीच भरली होती. त्याने आधी जयवंतकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “मी? बाई, माका प्रोग्रॅम म्हणजे काय ताच कळना नाय, तर त्यात पाणी खंय बघतलंय? उलट सायबांनी माका सांगल्यानी, बाई म्हणता लवूच्या हातान सोल्डरचो टाको नाय, शेण पडता.”

कोणीतरी फिसकन हसलं. नलिनी हसली नाही, कारण ती तसं म्हणाली नव्हती, पण तिला तसं वाटत मात्र होतं.

“आणि थोरल्याचा म्हणशात,” लवूला आता धीर आला होता, “तर पंधरा दिवसांआधी मी सायबांका सांगलंय, थोरल्याची बाहेरची चिप गरम होता, एकदा बाईंका दाखवा. म्हणाले, मी सांगतंय तिका.”

“मला सांगितलं नाही,” नलिनी म्हणाली.

“अरे, एवढ्याशा गोष्टी!” जयवंतने हात झटकले. “शेठ, आपण कामाला लागू या. पट्ट्या समोर आहेत. दोन विरुद्ध एक.”

“तेच बघू. मेस्त्री, मीटर घ्या. थोरल्यातून मधल्याकडे जाणारी तार मोजा, मग धाकल्याकडे जाणारी. आकडा मोठ्याने वाचा. आणि ऐकलं त्या प्रत्येकाने ऐकलं म्हणून सांगायचं. शेठ, तुम्हीसुद्धा.”

“हा काय तमाशा आहे?” जयवंत म्हणाला.

“आहे. सगळ्यांसमोर होतो, त्यालाच तमाशा म्हणतात.”

पिंपातलं पाणी पुन्हा तापवलं. काटा सीमेवर आला. लवूने मीटरची टोकं तारेला लावली, आणि त्याच्या हाताला कंप नव्हता.

“दीड व्होल्ट,” तो ओरडला, आणि जन्माची सवय म्हणा की खोडसाळपणा, पुढे म्हणाला, “म्हणा, व्हय म्हाराजा!”

कामगार हसत ओरडले, ‘व्हय म्हाराजा!’ शेठ चक्रावून म्हणाले, “हा, हा, ऐकला. दीड.”

“दुसरी तार. दीडच!”

‘व्हय म्हाराजा!’

“शेठ,” नलिनी म्हणाली, “दोन व्होल्टच्या वर असेल तर त्याचा अर्थ ‘उघड’. पाऊण व्होल्टच्या खाली असेल तर ‘बंद’. थोरला म्हणतोय दीड. म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. मधल्याचा कान थोडा जड, त्याला ते ‘बंद’ ऐकू येतं. धाकल्याचा कान तिखट, त्याला ‘उघड’. दोघेही खरं बोलतात. मधल्याने जे ऐकलं तेच इमानाने लिहिलं होतं. लबाड थोरला आहे.”

लवूने विचारलं नाही. स्क्रू काढले आणि थोरल्याचं झाकण उचललं. बाहेरच्या तारांना जोडलेली चिप त्याने चिमट्यात धरून टेबलावर ठेवली. तिच्या पाठीवर कंपनीचं नाव आणि क्रमांक असायला हवा होता. तिथे पॉलिश पेपरने घासल्याचे स्वच्छ ओरखडे होते.

चुकून भलती चिप बसली असती तर क्रमांक शाबूत राहिला असता. सगळे जयवंतकडे बघत होते. तो आपल्या बाहीची इस्त्री बघत होता.

“मूळची जळली होती,” तो अखेर म्हणाला. “नवी मागवली असती तर डिलिव्हरी लांबली असती, म्हणून बाजारातली जुनी बसवली. मी शेठचाच विचार केला.”

त्याची ही सफाई ऐकताना नलिनीला वाटलं, की वर्षभर आपण ज्याला इंग्रजी समजत होतो तो हाच दीड व्होल्ट. ज्याला जे ऐकायचं असेल ते त्याला ऐकू येई. शेठना खर्च वाचल्याचं, लवूला बाईच्या शिव्या, आणि तिला? तिला ऐकायचं होतं, की इथे सगळे मूर्ख आहेत आणि ती एकटी शहाणी आहे. तेच तिने ऐकलं होतं, आणि खाली सही केली होती.

शेठनी डोकं खाजवलं. ते वाईट नव्हते; फक्त ज्याचा आवाज शेवटचा कानावर पडेल त्याचे होते. “बरं. लवू, पिशवी आत ठेव. कुठे नाही जायचं. मॅडम, चौथा बॉक्स बनवा.” मग जयवंतकडे बोट करून ते म्हणाले, “हा राहील.”

“राहील?” नलिनीला स्वतःचा आवाज चिरकलेला ऐकू आला.

“कारखान्याच्या मॅनेजरशी त्याचीच ओळख आहे. बोलतो चांगला. आणि मॅडम, तुम्हीच बोलता ना, चौघांत एक खोटा असेल तरी चालतो?”

माना हलल्या. गुणाजीचा आवाजही बरा होता, हे नलिनीला आठवलं. तिच्या सिद्धांतात लबाडाला हाकलून द्यायची तरतूद नव्हतीच. तो असतो, हे धरून बाकीच्यांनी शहाण्यासारखं वागायचं, एवढंच त्यात होतं. कागदावर तिला हे किती देखणं वाटलं होतं!

“चालेल,” ती म्हणाली. “पण एका अटीवर. आजपासून कामाची कुठलीही गोष्ट कोणी कोणाच्या कानात सांगायची नाही. सकाळी या टेबलाशी, चौघांसमोर. शेठ, तुम्ही, जयवंत, मेस्त्री आणि मी.”

जयवंतने मान हलवली. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरात.

सोमवारी साडेनऊ वाजता चौघे टेबलाशी आले. शेठनी चौथ्या पेटीची तारीख सांगितली. जयवंत कारखान्याविषयी सुबक बोलला. नलिनीने तारांचा नवा आराखडा समजावला. चौथी पाळी लवूची. त्याने कानावरची विडी काढून टेबलावर ठेवली.

“माका पेटयेचा काय बोलूचा नाय,” तो म्हणाला. “बाईंका बोलूचा आसा. तुमी माझ्या पोटार पाय दिलात. सही केलात. मी दहा हातांवर बसान टाके घालत होतंय, आणि तुमी वर्सभरात माका येकदाय विचारूक नाय, मेस्त्री, खरा काय? सायब लबाड, ता आता सगळ्यांका ठावक. पण तुमी लबाड नाय. म्हणान तुमचा माका जास्त लागला.”

शेठ चहाच्या पेल्यात पाहू लागले. जयवंतच्या चेहऱ्यावर सहानुभूती होती. ती कोणासाठी, हे त्यालाही ठाऊक नसावं.

नलिनीकडे उत्तरं होती. शेठनी टिपण मागायला हवं होतं, जयवंतने निरोप द्यायला हवा होता, चौथी पेटी वेळेवर यायला हवी होती. ती सगळी खरी होती आणि त्यांतलं एकही लवूच्या प्रश्नाला लागू पडत नव्हतं. तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. तिचा स्वर नेहमीपेक्षा खाली उतरला, आणि जी बोली तिने कांजूरमार्गच्या जिन्यावर टाकून दिली होती, तिच्यातला एकच शब्द, चौघांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, ती म्हणाली.

“व्हय.”

लवूने विडी उचलून परत कानावर ठेवली आणि तो चौथ्या पेटीचा पत्रा कापायला गेला.